दोन आसनांची हलकी होडी

रविवार, ३ ऑगस्ट
निश्चय. नवी होडी घ्यायची. बदकांच्या शिकारीचा हंगाम २७ सप्टेंबरला उघडतो. आठ आठवडे हातात आहेत, भरपूर झाले. होडी कशी हवी ते पक्कं आहे: लहान, सपाट तळाची, तळ्यातल्या उंच पाणकणसांत आवाज न करता शिरणारी. मुख्य म्हणजे हलकी, एकट्याला उचलता येईल अशी. जुनी दोनशे दहा पौंडांची होती. तिला दोघं लागायचे. पुढचं टोक मी, मागचं शिकारीतला जोडीदार वेंडेल. एकोणतीस वर्षं असं चाललं, पाठीचं वाटोळं झालं.

वेंडेलशी बोलणं नोव्हेंबरपासून बंद आहे. त्याचा या होडीशी काही संबंध नाही.

आसनं मात्र दोन हवीत.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
थोरल्या बहिणीकडे, ॲर्डिसकडे, मासे आणि बटाट्याचं सॅलड. मासे छान. मग नेहमीचा विषय. म्हणाली, अरे, त्याच्या वडिलांनी हाताने बनवलेली होडी ती, चुकलो म्हण की एकदा, जीभ झडणार आहे का तुझी?

इथे एकदा नोंदवून ठेवतो, म्हणजे निकाल लागला. हंगाम संपला की होडी पालथी घालून ठेवायची. एक वर्ष त्याची पाळी, एक वर्ष माझी. गेल्या वर्षी माझी होती, मान्य. पण पाऊस माझ्या सांगण्यावरून पडला नाही. आत पाणी साचलं, ते गोठलं, तळाची फळी उभी चिरली. विस्कॉन्सिनच्या थंडीला मी काय करणार? लाकूडही जुनं होतं. हे सगळं मी वेंडेलला शांतपणे समजावून सांगितलं होतं. तो होडी ट्रेलरवर चढवून घेऊन गेला. चढवायला पुढचं टोक मीच धरलं, हे कुणी लक्षात घेत नाही.

ॲर्डिस म्हणाली, तुला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. गंमत आहे. होडी पालथी नव्हती म्हणून बोलणी खाल्ली, आता मी पालथा म्हणून खायची.

गुरुवार, १४ ऑगस्ट
दिवाणखान्यातल्या गालिच्यावर चिकटपट्टीने होडीचा आकार आखला. बारा फूट लांब, साडेतीन रुंद. आत बंदूक घेऊन बसून पाहिलं. मागे मी. पुढे स्वयंपाकघरातली खुर्ची, म्हणजे दुसरा माणूस. मधे उशी, म्हणजे टिली. टिली वेंडेलची कुत्री, वजन सहासष्ट पौंड, ओली झाली की सत्तर. तिला धरूनच हिशेब करावा लागतो. कुत्र्यांच्या मनात काही नसतं.

दोन तास बसलो. आरामशीर वाटलं. खुर्ची फार बोलत नाही, वेंडेलही बोलायचा नाही.

मंगळवार, १९ ऑगस्ट
मर्लच्या दुकानात. पाच होड्या पाहिल्या. ॲल्युमिनियमची नको, वल्हं लागलं की चर्चच्या घंटेसारखी वाजते. एका माणसाची फायबरची बत्तीस पौंडांची आहे, एका हाताने उचलली. मर्ल म्हणाला, तुमच्यासाठी हीच, डोळे झाकून घ्या. मी म्हटलं, दोघांची दाखव. म्हणाला, मग दुसऱ्यालाही आणा, दोघं बसून बघा. होडीचं बुटासारखं असतं, घालून पाहिल्याशिवाय कळत नाही. मी म्हटलं, तो सध्या कामात आहे. मर्ल खाली बघून होडीवरची धूळ पुसायला लागला. या गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं, हा या गावाचा मोठा दोष आहे.

दोघांची आहे ती बावन्न पौंडांची, गवती रंगाची. माहितीपत्रक आणलं.

बुधवार, २० ऑगस्ट
माहितीपत्रक पोस्टाने वेंडेलला पाठवलं. पुढच्या आसनाभोवती लाल पेनने गोल केला. चिठ्ठी लिहायला घेतली होती. ‘वेंडेल, तळ सपाट आहे आणि,’ इथपर्यंत आली. पुढे सुचेना. शेवटी चिठ्ठीशिवायच पाठवलं. लाल गोल पुरेसा बोलका आहे. सही केली नाही, अक्षर तो ओळखतो. अक्षर नाहीच आहे म्हणा, पण गोल ओळखेल.

शनिवार, ३० ऑगस्ट
उत्तर नाही. म्हणजे विचार करतोय.

ॲर्डिस सांगत होती, वेंडेलच्या शेडमधून उन्हाळाभर करवतीचा आवाज येतोय. जुनी होडी फोडून जळण करत असेल. करू दे. मला काही वाटत नाही. जेवण गेलं नाही, पण ते उकाड्यामुळे.

होडी घेतली. दोघांची. मर्लने गाडीवर चढवायला हात पुढे केला, मी नको म्हटलं. एकट्याने चढवली. दुसऱ्या प्रयत्नात.

रविवार, ७ सप्टेंबर
पहिली चाचणी, शूमाकरांच्या तळ्यावर. होडी उत्तम. एकच बाब: मी मागे बसलो की पुढचं टोक वर उचललं जातं, समोर आभाळाशिवाय काही दिसत नाही. पुढे वजन नसल्यामुळे. म्हणून मधे सरकायला उठलो आणि होडीतून उतरलो. उलटली असं म्हणता येणार नाही. पाणी कमरेइतकंच होतं, चिखल वेगळा. थर्मास गेला. टोपी परत मिळाली. शूमाकरांच्या गाई बघत होत्या, चाळीस वर्षं यांच्याच दुधाचा टँकर मी चालवला.

उपाय: पुढच्या आसनावर वाळूचं पोतं. तात्पुरतं. माणूस येईपर्यंत.

सोमवार, १५ सप्टेंबर
हार्डवेअरच्या दुकानाबाहेर वेंडेलची गाडी. मागे टिली. मला बघून उडी मारून आली, दोन्ही पंजे छातीवर, सगळं तोंड चाटलं. मी तिला म्हटलं, मधे तुझी जागा ठेवली आहे. बराच वेळ तिच्या कानामागे खाजवत होतो. मग काचेतून वेंडेल दिसला, हातात पितळी स्क्रूचा डबा घेऊन पैसे देत होता. वाळला आहे. कॉलर उलटी.

मला अचानक काम आठवलं, निघालो. कोणतं ते आता आठवत नाही.

बुधवार, २४ सप्टेंबर, दुपारी
गॅरेजमध्ये होडीत बसून प्रॅक्टिस करत होतो तेव्हा घरातला फोन वाजला. होडीतून घाईने उतरू नये हा धडा मी घेतलेला आहे, त्यामुळे पोचेपर्यंत बंद झाला. मशीनवर निरोप होता. सात सेकंद कुणीच बोललं नाही. मागे कुत्रं भुंकलं. मग खट्.

राँग नंबर असणार. चार वेळा ऐकला. राँग नंबरच.

शुक्रवार, २६ सप्टेंबर
सगळी तयारी झाली. खऱ्या बदकांना भुलवायला पाण्यावर सोडायची चोवीस लाकडी बदकं, नवा थर्मास, सॉसेजची सँडविचेस चार. दोन पुरतात, पण चार केली.

ठरवलं की नेहमीच्या पुलाजवळच्या धक्क्यावर जायचं नाही, पूर्वेकडच्या जायचं. पुलाजवळ पहिल्या दिवशी गर्दी फार होते. शिवाय तिथे ओळखीचे लोक भेटतात आणि वेळ जातो. वेंडेल यंदा जाणार नाहीच, होडी कुठे आहे त्याच्याकडे? आणि गेलाच तर मला बघून त्याला अवघडल्यासारखं होईल. मी त्याचा विचार करतोय, तो कधी करेल देव जाणे.

शनिवार, २७ सप्टेंबर
हंगामाचा पहिला दिवस. पहाटेच पूर्वेच्या धक्क्यावर. होडी एकट्याने उचलली, गाडीपासून पाण्यापर्यंत एकदाही न टेकवता. बघायला कुणी नव्हतं. पुढे पोतं बसवलं. बॅलन्स झकास. पाणकणसांत अशी शिरली की काडी हलली नाही. होडीची निवड शंभर टक्के बरोबर होती, हे लिहून ठेवतो.

बदकं आली. उजाडताना सहा, मग नऊ, मग मोठा थवा, पंख न हलवता थेट लाकडी बदकांवर उतरायला. मी एकही गोळी झाडली नाही. ती उजवीकडून आली. आमचा नियम आहे, डावीकडची माझी, उजवीकडची वेंडेलची. एकोणतीस वर्षांत मी त्याच्या बाजूला बंदूक वळवलेली नाही. मी वाट बघत राहिलो. बदकं पाण्यावर बसली, लाकडी बदकांना हुंगून गेली, उडाली. पोत्याने काही केलं नाही.

शून्य बदकं. वारा चुकीचा होता. सँडविचेस दोन उरली.

रविवार, २८ सप्टेंबर
चर्चनंतर ॲर्डिस. कोट न काढताच बोलायला लागली. मर्ल काल पुलाजवळच्या धक्क्यावर होता, त्याने तिला सांगितलं. वेंडेल पहाटे चारपासून तिथे होता. ट्रेलरवर जुनी होडी. तळाला नवी फळी, पितळी स्क्रू, नवा रंग. उन्हाळाभर तेच करत होता. लोक म्हणाले, चला, उतरवायला हात लावतो. तो म्हणाला, नको, पुढचं टोक धरणारा माझा माणूस येतोय. दहा वाजेपर्यंत थांबला. टिली गाडीत. समोरच्या काचेजवळ लाल गोल केलेला एक कागद होता म्हणे. मग होडी तशीच परत घेऊन गेला.

ॲर्डिस म्हणाली, तू कुठे होतास? मी म्हटलं, पूर्वेला. तिकडे गर्दी नसते. ती काही बोलली नाही. ती बोलली नाही असं आजवर झालेलं नाही.

ती गेल्यावर फोन हातात घेतला. नंबर पाठ आहे. सातपैकी सहा आकडे दाबले. मग लक्षात आलं, रविवारी दुपारी तो झोपतो. उगाच झोपमोड कशाला. उद्या करीन. उद्या सोमवार, सोमवारी तो टिलीला डॉक्टरकडे नेतो. मंगळवारी नक्की.

संध्याकाळी आभाळ भरून आलं. नवी होडी मागच्या अंगणात नेऊन पालथी घातली. एकट्याला सहज जमलं.