हंसाबेनला दिलेला पत्ता

प्रिय आई,

फोनवर हा विषय निघाला की तुला गॅसवरचं दूध आठवतं आणि समोर बसून बोलावं तर तू रडतेस. म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच, मग हवं तर फाड.

माझं काम चाललंय. कॉलेजांत मुलांचं समुपदेशन करते, पालकांशी डोकं फोडते. परवा मीरा रोडच्या एका प्राचार्यांनी चहाही न विचारता वाटेला लावलं. समलिंगी मुलांना 'बरं' करून देणाऱ्या डॉक्टरांविरुद्ध आमच्या संस्थेने वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केलीये. आपल्या स्टेशनजवळचे ते डॉक्टरही त्यात आहेत. सोमवारी सुनावणी आहे आणि स्वतःचं नाव सांगायला एकही पेशंट तयार नाही.

तुझ्या समोरच्या हंसाबेनचा यतीन माझ्याकडे येतो. त्याला विचारूनच तुला सांगतेय. त्याचं एका मुलावर प्रेम आहे हे घरी कळलं आणि त्याला त्याच डॉक्टरांकडे नेलं. गोळ्यांनी तो दिवसभर गुंगीत असतो. मागच्या आठवड्यात म्हणाला, जगावंसं वाटत नाही. तेव्हापासून मी रोज त्याला फोन करते आणि त्याने उचलेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. हंसाबेनला सगळं स्पष्ट सांगितलं, दुसऱ्या चांगल्या डॉक्टरांकडे मी स्वतः नेते म्हटलं. ती हसून म्हणाली, "तू भी तो वहीं ठीक हुई ना? तेरी मम्मी ने ही पता दिया."

आई, तू कौतुकाने दिलास पत्ता, हे मला कळतं. पण मी तिथे बरी झाले नाही गं. माझे हात थरथरायचे, घास तोंडापर्यंत जायचा नाही, तू शेजाऱ्यांना थायरॉइड सांगायचीस. त्या गोळ्यांतून सुटायला मी 'आता तसं काही नाही' म्हटलं आणि तू पेढे वाटलेस. संजना माझी नुसती रूममेट नाही हे तुला ठाऊक आहे. नाहीतर तिच्यासाठी कमी तिखटाचं लोणचं वेगळं कशाला घातलं असतंस?

सोमवारी मी पेशंट म्हणून माझं नाव सांगणार आहे. कोणी नेलं असं विचारलं तर तुझंही सांगेन. तुला लागेल, मलाही लागतंय. पण यतीनला शनिवारीच पुन्हा तिथे नेणार आहेत. हंसाबेन माझं ऐकत नाही, तुझं ऐकते. हे वाचून झालं की समोरची बेल वाजव आणि तिला सांग, माझी रसिका कधी आजारी नव्हतीच.

तुझीच,
रसिका