हिरवी पट्टी

प्रिय ठमाकाकू,

पोटच्या मुलीला अशी हाक मारू नये. पण गेल्या खेपेला कमरेवर हात ठेवून तू बाबांना दटावलंस, त्यांच्या कामाच्या खोलीला कुलूप घातलंस आणि किल्ली माझ्या हातात दिलीस, तेव्हापासून दुसरं नाव सुचत नाही. लाकडाचा भुसा त्यांच्या छातीला चालणार नाही हे त्यांनाही पटलं होतं गं. पण नंतर ते घरभर नुसते फिरत राहायचे, चष्मा हरवल्यासारखे.

म्हणून मी खोली उघडली. घाबरू नकोस, आत मी जायचे, मास्क लावून. ते बाहेर, बंद खिडकीपलीकडे खुर्ची टाकून. रंगीत लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवायचे, क्लॅम्पमध्ये दाबून वाळवायचे, त्याची कांडी कापून आत पितळी नळी बसवायची आणि लेथवर फिरवत पेनाचा आकार आणायचा. इतकी वर्षं चहा देताना दारातून पाहिलेलं. बाबा काचेतून हातवारे करायचे आणि मी नेमकं उलटं समजायचे. पहिल्या कांडीच्या चिंधड्या उडाल्या. म्हणाले, ‘क्लॅम्प एवढा आवळलास की सगळा गोंद बाहेर आला. आता काय ते पापुद्रे तुझ्या धाकाने चिकटून राहणार?’ दोघंही पोट धरून हसलो. फार छान दिवस गेले ते.

मग मला जमायला लागलं. आपले पेन दुकानात ठेवणारे पेनवाले काका बाबांसमोरच म्हणाले, ‘वहिनींच्या हाताला बाकी सफाई आहे हं.’ मी इतकी खूश झाले की बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

गेल्या आठवड्यात दोन गडद पापुद्र्यांमध्ये मी हिरवी पट्टी घातली. न विचारता. असल्या रंगाला ते नाक मुरडतात, हे माहीत असून. पेन सुरेख झाला. त्यांनी उन्हात धरून फिरवून पाहिला, ‘छान झालाय’ म्हणाले आणि परत दिला. दुसऱ्या दिवसापासून खुर्ची रिकामी. ‘तुला येतंय की आता, मी कशाला?’ म्हणतात आणि टीव्ही लावून बसतात, तोही आवाज बंद करून. भुशापासून त्यांना वाचवलं आणि त्यांचं काम मीच घेऊन बसले. काल एक पेन मुद्दाम बिघडवायचा म्हणून लेथवर चढवला, तर हातांनी ऐकलं नाही. आणि खोटं कशाला बोलू, ती खोली आता माझ्याने सोडवतही नाही.

म्हणून हे पत्र. मला नको, बाबांना फोन कर. तुला पेन हवाय म्हण. लाकूड त्यांनीच निवडायचं, थर त्यांनीच लावायचे, आईला रंगातलं काय कळतंय, असंही म्हण. हवा तेवढा हट्ट कर. पापुद्रे चिकटवताना भुसा उडत नाही, ते काम जेवणाच्या टेबलावर होईल. मी बोलावलं तर त्यांना ती दया वाटेल. तू मागितलंस तर काम वाटेल.

तुझीच,
आई