साहेब कळवणार आहेत

३ मार्च
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. परदेशातून आठ पाहुणे येणार, त्यांना शर्टाची कॉलर शिवायला मी शिकवायचं. म्हणाले, तुमच्यासारखा हात अख्ख्या फॅक्टरीत नाही. अर्थ सरळ आहे. प्रमोशन. उद्यापासून रोज दहा इंग्रजी शब्द पाठ.
बायको आमच्याच फॅक्टरीत बटणं लावते. तिला सांगितलं तर म्हणाली, "त्यांना सगळं आलं की आपल्याला कशाला ठेवतील?" हिला चांगल्या बातमीतही खोट दिसते.

६ मार्च
इंग्रजी राहिलं. अडलं नाही, पाहुण्यांनाही येत नाही. सोबत दुभाष्या आहे. त्यांच्यातल्या एका मुलीने दुसऱ्याच खेपेला कॉलरचं टोक नीट काढलं. मला सात महिने लागले होते. दुभाष्याकरवी म्हणाली, "फॅक्टरी आली की आमच्या गावातल्या कुणाला घर सोडून जावं लागणार नाही." कोणती फॅक्टरी, ते विचारायचं राहिलं.

११ मार्च
पाहुण्यांनी टेपने मशिनं मोजली. नवी शेड बांधणार बहुतेक. कटिंगवाले काका म्हणाले, "मास्तर, डोळे उघडा. मशिनं तिकडे चाललीत." त्यांना शिकवायला बोलावलं नाही, त्याचा राग.

१५ मार्च
ट्रेनिंग संपलं. मुलीने विचारलं, "मशिनं आमच्याकडे आल्यावर मास्तर कुठे बसणार?" दुभाष्याने हे मला खाली बघत सांगितलं. मी म्हटलं, "वरच्या ऑफिसात." तिला फार बरं वाटलं.

२ एप्रिल
मशिनं ट्रकवर चढली. बारा नंबरची सुई अडकते, तशी चिठ्ठी चिकटवून दिली. साहेबांनी हात मिळवला. "कळवू," म्हणाले. दुसरीकडे नोकरी बघण्यात अर्थ नाही. नेमका तेव्हाच फोन आला तर?

२० मे
बायकोला काम मिळालं. परदेशात, एका घरी बाळ सांभाळायचं. दोन वर्षांचा करार. मी म्हटलं, कशाला, माझं होईलच आता. ती म्हणाली, "होईल हो. तोवर चिऊने काय खायचं?" चिऊ आमची पाच वर्षांची. मी म्हटलं, महिन्याभरात तुला परत बोलावून घेतो. ती चिऊच्या सगळ्या फ्रॉकच्या शिवणी उसवून दोन-दोन बोटं वाढवत बसली.

९ जून
गेली. चिऊ रडली नाही. मीही नाही. म्हणजे तिच्यासमोर नाही.

१३ जुलै
साहेबांचा फोन बंद लागतो. नवा नंबर घेतला असेल.
बायकोचा व्हिडिओ कॉल आला. चिऊला गोष्ट सांगत होती. अर्ध्यात तिकडचं बाळ रडायला लागलं. बायको वळून म्हणाली, "आले गं माझी सोनुली," आणि उठून गेली. फोन तसाच राहिला. आम्हाला नुसतं तिकडचं छत दिसत होतं. चिऊ बराच वेळ ते बघत राहिली. मग विचारलं, "बाबा, आई सोनुली कुणाला म्हणाली?"
मी म्हटलं, "तुलाच."
तिने पुढे काही विचारलं नाही. पटलं असावं.