बोलती बंद

चिरंजीव गेमशिरोमणी,

गेमचं वेड सुटावं म्हणून शाळेतून काढून मी तुला दूरच्या वसतिगृहात धाडलं. निघताना तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. त्या खेळात एवढं आहे तरी काय, म्हणून काल तुझे हेडफोन लावून तुझ्याच नावानं खेळायला बसलो. तुझा संस्कृतपंडित बाप पहिल्याच मिनिटाला धारातीर्थी पडला.

कानात खेळातला तुझा कुणी दूरगावचा मित्र खिदळला, "काय रे, बाबा परत ओरडले वाटतं?"

"नाही," मी टाइप केलं.

"मग खेळ पुरे, रोजच्यासारखं पुस्तक उघड की लेका! यंदा संस्कृतात पहिला येऊन त्यांची बोलती बंद करणार होतास ना?"

झाली रे बंद. पाकिटावर त्या वसतिगृहाचा पत्ता घालायलाही हात धजत नाही.

तुझा,
धारातीर्थी बाबा