ढालकिडे

किलकेनी, १२ जून २०२१

ती. बाबा, नेत्राचा नमस्कार.

इतके दिवस लिहिलं नाही, माफ करा. आम्ही बरे आहोत. आईचा गुडघा कसा आहे?

आमचं नवं औषध पिकावरच्या माव्याचं एक जनुक गप्प करतं, म्हणून फक्त मावाच मरतो, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही ते कौतुकानं गावभर केलंत. पण बाबा, तो मावा खाणारे ढालकिडेही आमच्या चाचणीच्या पेटीत मेले.

आमचा प्रमुख डेक्लन म्हणाला, "ग्रँड आहे गं, पेटीत ऊन जास्त झालं असेल." इथे 'ग्रँड' म्हणजे सगळं ठीक. मला तेच ऐकायचं होतं, म्हणून मी मान हलवली.

तुम्ही चवळीवरचे ढालकिडे जपता, म्हणून आधी तुम्हालाच सांगितलं. गावात एवढ्यात काही बोलू नका.

तुमचीच,
नेत्रा

ता. क. उद्या डेक्लन नको म्हणाला तरी मी पेटी सावलीत ठेवून चाचणी पुन्हा लावणार आहे.