तुझ्या चित्राखालच्या दोन ओळी

प्रिय दादा,

खरं तर मला लिहायचं आहे ते दुसरंच. दोन ओळींचा मजकूर आहे, मंगळवारपर्यंत द्यायचा आहे, आणि चार दिवस झाले तरी एक शब्द पुढे सरकत नाही. म्हणून आधी तुझ्याशी बोलते. तुला जाऊन दोन वर्षं झाली, पण अडलं की अजून तुलाच विचारावंसं वाटतं.

गेल्या रविवारी चित्रकलेच्या एक बाई घरी आल्या. इथेच नाशिक रोडला शाळेत शिकवतात. त्यांच्या मोबाइलवर मालगाडीच्या एका डब्याचा फोटो होता, बंगालकडच्या कुठल्याशा स्टेशनात कुणीतरी काढलेला. डब्याच्या बंद दारावर कांदे निवडायला बसलेल्या सात बाया, सगळ्या पाठमोऱ्या. रंग विटलाय. तिसरीच्या अंबाड्यावर गंज चढलाय. पण पाठी अजून ओळखू येतात.

बाई मालधक्क्यावर विचारत विचारत आपल्या दारापर्यंत आल्या होत्या. शाळेच्या हॉलमध्ये त्या असल्या चित्रांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवणार आहेत. तुझ्या चित्राचा हा फोटो मोठा करून लावायचा आहे आणि त्याखाली दोन ओळी हव्यात. कुणी काढलं, तो कोण होता.

"माझा मुलगा," बाबा म्हणाले. मग फोन परत देत, "पण नंतर त्याचं त्यालाच कळलं हो. स्वतःहून सोडलं त्याने ते सगळं." आणि माझ्याकडे वळून, "मने, तू लिहून दे बाईंना. तुझं अक्षर चांगलं आहे. स्वतःहून सोडलं, हे पण घाल."

मी चहाचा ट्रे धरून उभी होते. "हो" म्हणाले.

माझं अक्षर चांगलं आहे ते कुणामुळे, दादा? दम्यामुळे तिसरीपर्यंत मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. आई नव्हती. बाबा यार्डात मालगाड्यांचे ब्रेक तपासायला जायचे. तू दुकानांच्या पाट्या रंगवायचास आणि दुपारी घरी येऊन मला शिकवायचास. सुताला खडू चोळून भिंतीवर ताणायचास, टिचकी मारायचास, आणि उमटलेल्या रेघेला मला अक्षरं टांगायला लावायचास. "आधी पोट, मग पाय," म्हणायचास. "घाई केली की अक्षर लंगडतं." पुढे शाळेत गेले तेव्हा गुरुजींनी माझी वही सगळ्या वर्गाला दाखवली होती. तुला सांगितलं तर म्हणालास, "फी माग त्यांच्याकडून."

डब्यांवर चित्रं काढतोस हे तू फक्त मला सांगितलं होतंस. का सांगितलंस? मला तेव्हापासून नीट जेवण जात नव्हतं. रेल्वेत नोकरी करणाऱ्याचा मुलगा रेल्वेच्याच डब्यावर रंग मारतो, हे कळलं तर काय होईल? मी तुला शंभर प्रश्न विचारायचे. डब्याचा नंबर झाकतोस का? "नंबरला हात लावत नाही. तो त्याचा आहे." कुणी विचारलं तर? "विचारू दे. कुणीतरी विचारावं म्हणूनच काढतो."

एकदा दुपारी मला बळेच मालधक्क्यावर घेऊन गेलास. रिकामी गाडी उभी होती, त्या सात बायांचा रंग अजून ओला होता. कांद्याच्या गोण्यांवर बसून जेवणाऱ्या बायका उठून बघायला आल्या. त्यांतली यमुनाबाई कमरेवर हात ठेवून कितीतरी वेळ बघत राहिली.

"ही मीच हाय ना रे?"

"तूच."

"मग एवढी जाड कशाला काढली, मेल्या?"

"आहेस तेवढीच काढली, मावशी."

सगळ्या हसल्या. मग यमुनाबाईने विचारलं, "कुठं जाणार ही गाडी?" तू म्हणालास, माहीत नाही, बंगालला, आसामला, जिथे कांदा जाईल तिथे. ती म्हणाली, "म्या तर इगतपुरीच्या पुढं गेली नाय. जाऊ दे बाई, माझी पाठ तरी जाऊ दे."

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की तू करतोस ते वाईट नसावं. घरी येईपर्यंत ते वाटणं टिकलं नाही.

पुढच्याच महिन्यात तू सापडलास, भर दुपारी, हातात ब्रश. यार्डातले साहेब बाबांना ओळखत होते. त्या रात्री जेवताना बाबा तुझ्याकडे बघतही नव्हते.

"तीस वर्षं मी त्या डब्यांना हात लावतोय. खडूने स्वतःचं नावसुद्धा लिहिलं नाही कधी."

"लिहायचं होतं ना, बाबा."

"उद्या आपल्या दारावर येऊन कुणी रंग फासला तर?"

"चांगला फासला तर चहा पाजीन."

"आणि घाण फासला तर?"

तू ताट उचलून मोरीवर गेलास.

साहेबांनी फार मोठं काही मागितलं नव्हतं. "रेल्वेच्या डब्याला पुन्हा रंग लावणार नाही, एवढं लिहून आणा, विषय संपला." बाबांनी मला कागद दिला. मी आधी तेवढंच लिहिलं. मग वाचून पाहिलं आणि मला ते अपुरं वाटायला लागलं. उद्या तू डबा सोडून स्टेशनच्या भिंतीवर काढलंस तर? एसटीवर काढलंस तर? दुसऱ्या खेपेला असे साहेब भेटतील का? बाबांची नोकरी राहील का? मी दुसरा कागद घेतला आणि लिहिलं, "यापुढे मी कोणत्याही वाहनावर, भिंतीवर किंवा अन्य कुठेही चित्र अथवा अक्षर रंगवणार नाही."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तू वाचलंसुद्धा नाहीस. "मनीने लिहिलंय, मग काय बघायचं," म्हणालास आणि सही केलीस.

दोन महिन्यांनी पिंपळगावचा एक टेम्पोवाला तुला शोधत आला. गाडीच्या मागे मोर काढून हवा होता, तुझ्याच हातचा. तू दारातच म्हणालास, नाही जमणार. तो गेल्यावर मी विचारलं, का रे? "लिहून दिलंय ना," तू म्हणालास. म्हणजे कपाटात ठेवलेली त्या कागदाची प्रत तू कधीतरी काढून वाचली होतीस. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की ती ओळ माझी आहे, फाडून टाक. मी भाजी ढवळत राहिले. तू पाट्याही सोडल्यास. पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षांच्या पेट्यांवर लेबलं चिकटवायला जायला लागलास. "सरळ चिकटवतो, एवढीच कला," म्हणायचास आणि आम्ही हसायचो.

एक सांगू? मला तुझा रागही येतो. एवढे नियम मोडलेस, मग हाच एक का पाळलास? मला शिक्षा करायची होती का? की माझ्या हातचं होतं म्हणून? एकदा भांडायचंस तरी. त्या हंगामात तू कावीळ अंगावर काढलीस, कामावर जात राहिलास, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. काविळीचा आणि त्या कागदाचा काही संबंध नाही, हे मला कळतं. तरी रोज कळून घ्यावं लागतं.

काल सकाळी बाबा ओट्यापाशी बसून मेथी निवडत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"बाबा, दादाने स्वतःहून नाही सोडलं. 'अन्य कुठेही' मी घातलं होतं. साहेबांनी नव्हतं सांगितलं."

त्यांचे हात थांबले नाहीत. "माहीत आहे."

"कसं?"

"साहेबांच्या टेबलावर ठेवायच्या आधी मी कागद वाचला नसेल का?" एक काडी मोडून त्यांनी बाजूला टाकली. "वाचला. बरं वाटलं मला. म्हटलं, पोरगा मार्गाला लागेल."

"मग लोकांना का सांगता, स्वतःहून सोडलं म्हणून?"

बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मग काय सांगू, मने?"

मी उठून पाणी प्यायले. परत आले तेव्हा ते निवडलेली मेथी पुन्हा निवडत होते.

दादा, तू बरोबर होतास असं मी अजूनही लिहू शकत नाही. डबा तुझा नव्हता. तुझ्यासारखं काढता न येणारा कुणीही उद्या ब्रश घेऊन उभा राहील, आणि त्याला काय सांगायचं हे मला माहीत नाही. पण मोर तर लोक दारात येऊन मागत होते. पाट्या मागत होते. ते चोरीचं नव्हतं, आणि मी भीतीपोटी तेही तुझ्या हातातून काढून घेतलं. सुंदर अक्षरात.

म्हणून तुला वचन देते. मंगळवारी त्या बाईंना मी असं लिहून देईन: "हे चित्र पाट्या रंगवणाऱ्या विजयने परवानगी न घेता काढलं. पुढे त्याने रंगवणं सोडलं नाही, त्याला ते सोडायला लावलं." हे मी आधी बाबांना वाचून दाखवीन. ते मेथी निवडत राहिले तर मीही शेजारी बसून निवडीन. नको म्हणाले तरी यातला शब्द बदलणार नाही, आणि कुणी सोडायला लावलं असं हॉलमध्ये कुणी विचारलं, तर मी तिथेच उभी असेन.

तुझी,
मनी