घासलेल्या टाक्या

सोमवार, १४ जुलै

चि. बाळीस अनेक आशीर्वाद.

माझा खोकला आहे तसाच आहे, काळजी करू नकोस. जावईबापूंची बदली टळली हे बरं झालं. धाकट्याला दात आले का?

परवा फोनवर तू शेवाळाचं विचारलंस आणि मी टाक्यांत गोगलगायी पडल्या, त्यांनी खाल्लं म्हणून सांगितलं. गोगलगायी पडल्या नाहीत. टाक्या रिकाम्या आहेत. भातवाले रोज येऊन विचारतात, खाचरात पाणी बांधलंय, शेवाळ कधी देता? मी उद्या म्हणतो. उद्या म्हणून किती दिवस निघणार?

तुझ्या आईने उभं केलेलं काम. मी चौथी शिकलेला, मला एवढंच कळतं की हे निळं-हिरवं शेवाळ हवेतलं नत्र ओढून भाताला देतं, म्हणून विकतचं खत कमी लागतं. गिऱ्हाइकांना ती सांगायची, "हवा खातं आणि दुसऱ्याला जेवू घालतं. आमच्या ह्यांचं नेमकं उलटं." सगळे हसायचे, मला राग यायचा. हल्ली ती तसं बोलत नाही.

गेल्या आठवड्यात मी औषध आणायला गेलो होतो. परत येतो तर तिने टाक्या ओतून दिलेल्या आणि काथ्याने घासत बसलेली. तळ लख्ख. मला बघून घाबरली. हळूच म्हणाली, "किती घाण साचली होती हो. मालकीणबाईंना सांगू नका, मी सगळं साफ करून ठेवते."

मालकीणबाई तीच ना गं.

मी म्हणालो, "नाही सांगत." दुसरं काय म्हणणार? मग शेजारी बसून शेवटची टाकी मीही घासली.

आधी तिचा चष्मा पिठाच्या डब्यात सापडला होता. मग एकदा ती घरचा रस्ता चुकली. वय झालं म्हणून मी झाकत राहिलो. तुला कळलं तर तू तिला घेऊन जाशील, याची धास्ती होती.

तिच्याच हातच्या वाळलेल्या शेवाळाच्या खपल्यांचं एक पुडकं माळ्यावर सापडलं. एका टाकीत विरजणासारखं सोडलंय, पाण्यावर पातळ साय दिसते आहे. टाक्यांच्या शेडला कुलूप घातलंय. ती दाराशी येऊन किल्ली मागते, काम राहिलंय म्हणते. मी नाही म्हटलं की "बरं, साहेब" म्हणून वळते.

शेवाळ पुन्हा धरेल. तू ये. तिला न्यायचं तर ने, पण मला विचारू नकोस. मी नाही म्हणेन.

किल्ली कमरेला बांधून बसलेला,
तुझा बाबा